एनव्हीडीए आणि थंडरबर्ड: आधी फोकस ऐका, मग बटण दाबा

दिवसाला दोन-चार मेल येत असतील तर जीमेल ब्राउझरमध्ये उघडूनही भागतं. पण ऑफिस, बँक, कॉलेज, वेगवेगळे ग्रुप असा सगळा पसारा मेलवर असेल, तर संगणकावर बसवलेला मेल प्रोग्रॅम स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर) काम करणाऱ्याला कितीतरी सोपा जातो. मेलची यादी वर-खाली एरोने चालते, दर वेळी पान नव्याने लोड होत नाही आणि एकदा उतरवलेले मेल नेट नसतानाही वाचता येतात.

पुढची माहिती विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आणि थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी आहे. दोन्ही मोफत मिळतात. एनव्हीडीएचं काम 2006 साली ऑस्ट्रेलियात सुरू झालं आणि आज एनव्ही ॲक्सेस ही संस्था ते पाहते. थंडरबर्ड मोझिलाच्या घरातलं, 2004 सालापासूनचं. त्याची 115 ही आवृत्ती 2023 मध्ये आली तेव्हा मेसेजची यादी मुळापासून नव्याने बांधली गेली. त्यामुळे कुणाकडे जुन्या आवृत्तीच्या नोट्स असतील तर त्यातल्या बऱ्याच गोष्टी आता जुळणार नाहीत. मेनू इंग्रजीत आहेत असं धरून नावं दिली आहेत. एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट. लॅपटॉपवर इन्सर्ट अडचणीच्या जागी असेल तर एनव्हीडीएच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये कॅप्सलॉकवर खूण करून तीच वापरा.

खातं जोडताना

थंडरबर्ड पहिल्यांदा उघडलं की नाव आणि ईमेल पत्ता विचारतं. पत्ता टाकण्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना, हे विंडोज+स्पेसने ऐकून घ्या. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि पत्ता देवनागरीत उमटला, तर कंटिन्यू बटण पुढे सरकत नाही आणि का सरकत नाही ते चटकन कळत नाही. सर्व्हर सापडला की आयमॅप आणि पॉप असे पर्याय येतात. आयमॅप निवडा. त्यात फोनवर वाचलेला मेल संगणकावरही वाचलेला दिसतो, इथे पुसलेला तिथूनही जातो.

जीमेलसाठी नुसता पासवर्ड देऊन काम होत नाही. गूगलने ती पद्धत 2022 मध्ये बंद केली. त्याऐवजी गूगलची लॉगिन खिडकी वेगळी उघडते. पुष्कळ जण इथेच अडकतात, कारण ती खिडकी उघडते पण फोकस, म्हणजे दाबलेलं बटण जिथे लागू होतं ती जागा, मागच्याच खिडकीत राहतो आणि एनव्हीडीए काही बोलत नाही. ऑल्ट+टॅब करून त्या खिडकीत जा, ई दाबून एडिट बॉक्स गाठा, एंटर करा, पत्ता टाइप करा. पासवर्डचंही तसंच. शेवटी परवानगी मागणारं पान येतं. तिथे बी दाबत अलाउ किंवा कंटिन्यू बटणापर्यंत जायचं. सर्व्हरची माहिती हातानेच भरायची वेळ आली तर आयमॅपसाठी आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट 993, आणि पाठवण्यासाठी एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट 465, दोन्हीकडे एसएसएल/टीएलएस.

तुम्ही कुठे उभे आहात?

थंडरबर्डच्या मुख्य खिडकीत कामाच्या जागा तीन: फोल्डरची यादी, मेसेजची यादी आणि मेसेजचा मजकूर. एफ6 दाबलं की एका जागेवरून दुसरीकडे जाता, शिफ्ट+एफ6 ने उलट. सध्या कुठे आहात हे एनव्हीडीए+टॅब सांगतं, कुठली खिडकी उघडी आहे हे एनव्हीडीए+टी सांगतं. या दोन बटणांची सवय हाताला लागेपर्यंत बाकी शॉर्टकट पाठ करू नका, असं आम्ही नव्याने शिकणाऱ्याला आग्रहाने सांगतो. कारण सरळ आहे. एनव्हीडीए ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे वेबपान किंवा मेलचा मजकूर वाचायच्या स्थितीत, असतं तेव्हा के म्हणजे पुढची लिंक, एफ म्हणजे पुढचं फॉर्म फील्ड, बी म्हणजे पुढचं बटण. पण फोकस मेसेजच्या यादीत असताना तीच अक्षरं थेट थंडरबर्डकडे जातात आणि तिथे त्यांचे अर्थ निराळे आहेत. ए दाबला की मेल आर्काइव्हमध्ये जातो. जे दाबला की जंक ठरतो. एम वाचलेला-न वाचलेला अशी खूण बदलतो, एस तारा लावतो, एन पुढच्या न वाचलेल्या मेलवर नेतो.

सगळ्यात फसवा के. मेल उघडा आहे असं समजून पुढच्या लिंकसाठी के दाबला आणि फोकस यादीतच होता, तर त्या मेलचं अख्खं संभाषण दुर्लक्षित ठरून यादीतून गायब होतं. पुढे त्यात आलेली उत्तरंही दिसत नाहीत. मेल पुसलेला नसतो. ऑल्ट दाबून मेनूबार आणा, व्ह्यू, थ्रेड्स आणि त्यात इग्नोर्ड थ्रेड्सवर खूण करा. संभाषण यादीत परत दिसेल. त्यावर उभं राहून पुन्हा के दाबा म्हणजे दुर्लक्ष निघेल, मग ती खूण काढून टाका. ए किंवा डिलीट चुकून दाबलं गेलं असेल तर मात्र लगेच कंट्रोल+झेड पुरतं.

मोड बदलला की एनव्हीडीए छोटा आवाज करतं. ब्राउझ मोडचा वेगळा, फोकस मोडचा (बटणं थेट प्रोग्रॅमकडे जातात त्या स्थितीचा) वेगळा. बोलण्याचा वेग वाढवला की कान फक्त शब्दांकडे राहतात आणि हा आवाज सुटून जातो. तो ओळखायला शिका. मोड हाताने बदलायचा तर एनव्हीडीए+स्पेस.

बसवल्यावर लगेच बदलायच्या गोष्टी

पहिली म्हणजे मेसेज पेन बंद करा: मेसेजच्या यादीत असताना एफ8. तो चालू असला की यादीत नुसता एरो फिरवला तरी प्रत्येक मेल खालच्या भागात उघडतो आणि काही वेळाने वाचलेला ठरतो. बंद केला की एरोने फक्त पाठवणाऱ्याचं नाव, विषय, तारीख ऐकू येते आणि मेल उघडतो तो एंटर दाबल्यावरच.

दुसरी, मेल उघडायचा कुठे? टूल्स मेनूतून सेटिंग्ज उघडा, त्यात मेल वाचण्या-दाखवण्याच्या विभागात मेसेज नव्या टॅबमध्ये, नव्या खिडकीत की आधीच उघड्या असलेल्या मेसेज-खिडकीत उघडायचा ते विचारलेलं असतं. आम्ही खिडकीच सुचवतो. वाचून झालं की एस्केप दाबायचं, खिडकी बंद होते आणि तुम्ही यादीत त्याच जागी परत येता. टॅबमध्ये उघडला तर कंट्रोल+डब्ल्यू करावं लागतं, आणि वाचून तसेच सोडलेले टॅब साठत गेले की कंट्रोल+टॅब करताना गोंधळ होतो.

तिसरी गोष्ट यादीची मांडणी. कार्ड आणि टेबल अशा दोन प्रकारांत यादी दिसते. टेबल ठेवा, कारण त्यात कॉलम एकामागून एक वाचले जातात आणि नको ते काढता येतात. यादीवरून शिफ्ट+टॅब करत कॉलमच्या शीर्षकांवर या. तिथे कॉलम निवडायचं बटण आहे. तारा, अटॅचमेंट, जंक, आकार असे सगळे कॉलम चालू असतील तर प्रत्येक ओळीला कान शिणतात. पाठवणारा, विषय, तारीख आणि अटॅचमेंट एवढे पुरेत.

चौथी गोष्ट पाठवणाऱ्याच्या पत्त्याची. ओळखीच्या माणसाचं फक्त नाव दाखवण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते, ती बंद करा. नाव कुणीही कुणाचंही लावू शकतो. खरा पत्ता कानावर पडलाच पाहिजे.

वाचणं

मेल उघडला की एनव्हीडीए मजकूर आपोआप वाचू लागतं. थांबवायला कंट्रोल, मध्येच थबकवून पुन्हा चालू करायला शिफ्ट. कर्सरपासून शेवटपर्यंत वाचायला डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए+डाउन एरो, लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए+ए. आपोआप वाचणं नकोसं वाटत असेल तर एनव्हीडीए+एन, प्रेफरन्सेस, सेटिंग्ज, ब्राउझ मोड इथे ऑटोमॅटिक से ऑल ऑन पेज लोडवरची खूण काढा.

मेल उघडला आणि काहीच ऐकू आलं नाही, तर क्रमाने तीन गोष्टी करून पाहा. एनव्हीडीए+स्पेसने मोड बदला. एनव्हीडीए+एफ5 ने पान नव्याने वाचायला लावा. तरीही नाही तर ऑल्ट+टॅबने बाहेर जाऊन परत या. तिन्हींनी झालं नाही तर बहुधा मेलमध्ये मजकूरच नाही, नुसतं चित्र आहे. जी दाबून चित्र सापडतं का बघा. लग्नपत्रिका, कार्यक्रमाची निमंत्रणं, क्लासच्या जाहिराती अशाच येतात. बाहेरच्या सर्व्हरवरचं चित्र असेल तर थंडरबर्ड ते अडवून तशी सूचना देतं. पाठवणारा विश्वासातला असेल तरच त्या सूचनेतल्या ऑप्शन्स बटणातून दाखवायला सांगा. मग चित्रावर उभं राहून एनव्हीडीए+आर दाबलं की विंडोजचं अक्षरओळख तंत्र चालतं. इंग्रजी मजकुराला ते चांगलं आहे. देवनागरीसाठी त्यावर विसंबू नका. चित्र गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडलं तर मराठी मजकूर बराच नीट हाती लागतो.

जाहिरातवजा मेलमध्ये चौकटीत चौकटी असतात आणि वाचताना तुकडे पडतात. व्ह्यू मेनूत मेसेज बॉडी ॲज आहे, त्यात सिंपल एचटीएमएल किंवा प्लेन टेक्स्ट निवडा. प्लेन टेक्स्टमध्ये लिंकचे लांबलचक पत्ते मध्ये मध्ये वाचले जातात, म्हणून रोजच्या वापराला सिंपल एचटीएमएल बरं.

बँकेच्या, वीजबिलाच्या, पार्सलच्या नावाने आलेल्या मेलमधल्या लिंकवर एंटर करण्याआधी एनव्हीडीए+के दाबा. लिंक प्रत्यक्षात कुठे नेते तो पत्ता वाचला जातो. दोनदा दाबलं तर वेगळ्या खिडकीत येतो आणि एकेक अक्षर एरोने तपासता येतं. डोळस माणूस माउस नुसता लिंकवर नेऊन हेच बघतो. आपल्यालाही ते बघता येतं आणि प्रत्येक वेळी बघावं.

एनव्हीडीए+एफ7 ने लिंक, हेडिंग यांची यादी मिळते. एनव्हीडीए की नीट दाबली गेली नाही तर नुसतं एफ7 जातं आणि कॅरेट ब्राउझिंग चालू करायचं का, असं विचारणारी चौकट येते. तिला नो म्हणा. चुकून यस झालं तर पुन्हा एफ7 दाबलं की बंद होतं.

अटॅचमेंट मेलच्या तळाशी असते. टॅबने तिथे पोचायला गेलं तर वाटेतल्या सगळ्या लिंक पार कराव्या लागतात. त्यापेक्षा ऑल्ट+एफने फाइल मेनू उघडा आणि अटॅचमेंट्सवर या. फाइलची नावं एकेक ऐकू येतात आणि राइट एरोने ओपन, सेव्ह ॲज मिळतं. मेल कसाही असला तरी हा रस्ता चुकत नाही.

लिहिणं आणि पाठवणं

नवा मेल कंट्रोल+एन, उत्तर कंट्रोल+आर, सर्वांना उत्तर कंट्रोल+शिफ्ट+आर, पुढे पाठवणं कंट्रोल+एल. उघडल्यावर एनव्हीडीए+टी दाबून विषय ऐका, म्हणजे भलत्याच मेलला उत्तर लिहिलं जात नाही.

खरी काळजी टू या रकान्यात घ्यायची. तुम्ही जोशी एवढं टाइप केलंत की ॲड्रेस बुकमधल्या जोश्यांची यादी खाली उघडते आणि पहिलं नाव स्वतःच भरलं जातं. घाईत टॅब दाबला तर तेच कायम होतं, आणि मेल हव्या त्या जोशींऐवजी दुसऱ्याच जोशींकडे जातो. म्हणून टाइप केल्यावर डाउन एरोने नावं ऐका, हव्या त्यावर एंटर करा. पत्ता पक्का झाला की त्याचा एक ठोकळा बनतो आणि कर्सर त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेत येतो. आता लेफ्ट एरो दाबा: ठोकळ्यातलं नाव आणि पत्ता वाचला जातो. चुकीचा असेल तर डिलीट. पाठवण्याआधी शिफ्ट+टॅबने मागे येऊन लेफ्ट एरोने सगळे ठोकळे एकदा ऐकणं हा नेम ठेवा, विशेषतः सर्वांना उत्तर देताना. सीसीचा रकाना कंट्रोल+शिफ्ट+सी ने उघडतो, बीसीसीचा कंट्रोल+शिफ्ट+बी ने. एकमेकांना न ओळखणाऱ्या पुष्कळ लोकांना एकच मेल पाठवायचा असेल तर पत्ते बीसीसीतच घाला.

उत्तर लिहिताना कर्सर मूळ मजकुराच्या खाली उभा असेल तर वाचणाऱ्याला तुमचं उत्तर शोधावं लागतं. अकाउंट सेटिंग्जमधल्या कंपोझिशन अँड ॲड्रेसिंगमध्ये उत्तर मजकुराच्या वर सुरू करायचा पर्याय घ्या. तिथेच एचटीएमएल स्वरूपात लिहिण्याची खूण काढली तर ठळक-तिरपं करणाऱ्या टूलबारचा अडथळा जातो.

मराठी टाइप करायला इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) येत असेल तर तेच उत्तम. येत नसेल तर विंडोज 10 आणि 11 मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, रोमन अक्षरांवरून लिहिता येतं. एनव्हीडीए+2 ने टाइप केलेली अक्षरं आणि एनव्हीडीए+3 ने शब्द बोलले जाणं चालू-बंद होतं. मराठीत अक्षरं बंद आणि शब्द चालू ठेवा. काना-मात्रा-हलंत सुटे सुटे ऐकत लिहिणं फार थकवतं, पूर्ण शब्द ऐकला की ऱ्हस्व-दीर्घ सोडता बाकी चूक लगेच कळते. ऱ्हस्व-दीर्घ कानाला पुष्कळदा कळत नाही, तिथे शंका आली की लेफ्ट-राइट एरोने मात्रा तपासायची. ब्रेल डिस्प्ले असेल तर एनव्हीडीएमध्ये मराठी ब्रेलचं टेबल निवडता येतं. शुद्धलेखन तपासायला त्याला तोड नाही. मजकूर संपला की कीबोर्ड परत इंग्रजीवर आणायला विसरू नका.

मराठी मेल आला आणि एनव्हीडीए गप्प, किंवा फक्त मधले इंग्रजी शब्द आणि आकडेच वाचले, तर आवाज इंग्रजी आहे हे कारण. एनव्हीडीएसोबतच येणाऱ्या ईस्पीक एनजी या बोलणाऱ्या इंजिनात मराठी आवाज आहे. सुरुवातीला यांत्रिक वाटतो, पण वेग वाढवला तरी स्पष्ट राहतो. एनव्हीडीए+कंट्रोल+पी ने कॉन्फिगरेशन प्रोफाइल उघडून थंडरबर्ड चालू असताना नवं प्रोफाइल बनवा, करंट ॲप्लिकेशन निवडा आणि त्यात मराठी आवाज ठेवा. मग थंडरबर्डमध्ये आलं की आवाज आपोआप बदलतो, बाहेर पडलं की पूर्वीचा येतो.

फाइल जोडायला कंट्रोल+शिफ्ट+ए. जोडली गेली का, हे एफ6 ने अटॅचमेंटच्या भागात जाऊन ऐका. जीमेलची मर्यादा 25 एमबी असली तरी पाठवताना फाइलचं रूपांतर होऊन आकार साधारण एक-तृतीयांशाने वाढतो, त्यामुळे 18 एमबीच्या पुढची फाइल परत येण्याची शक्यता धरा आणि ड्राइव्हची लिंक पाठवा.

थंडरबर्ड मजकुरात जोडलेल्या फाइलचा उल्लेख पाहतं आणि फाइल नसेल तर आठवण करून देतं, पण ते ठरावीक शब्दांवरून. सेटिंग्जच्या कंपोझिशन विभागात चेक फॉर मिसिंग अटॅचमेंट्सशेजारी कीवर्ड्स बटण आहे. तिथे सोबत, जोडत आहे, जोडली आहे, जोडला आहे, बायोडेटा असे आपले शब्द घाला. सोबतच्या, बायोडेटाची अशी प्रत्यय लागलेली रूपं वेगळी घाला. त्याच विभागात कंट्रोल+एंटरने पाठवताना आधी विचारण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. ओळ सोडायला एंटर दाबताना कंट्रोलवर बोट राहिलं तर अर्धा मेल निघून जाऊ शकतो. महत्त्वाचा मेल कंट्रोल+शिफ्ट+एंटरने पाठवा. तो आउटबॉक्समध्ये थांबतो, पुन्हा ऐकून घेता येतो आणि मग फाइल मेनूतल्या सेंड अनसेंट मेसेजेसने जातो.

शोधणं

रोजच्या वापराला कंट्रोल+शिफ्ट+के, म्हणजे क्विक फिल्टर. पाठवणाऱ्याचं नाव किंवा विषयातला शब्द टाइप करा, टॅबने यादीत या. फक्त जुळणारे मेल उरलेले असतात. काम झालं की एस्केपने फिल्टर काढा. इनबॉक्स एकदम रिकामा वाटू लागला तर बहुतेक वेळा राहून गेलेला फिल्टर हेच कारण निघतं. अनेक फोल्डरांत शोधायचं असेल तर कंट्रोल+शिफ्ट+एफ. कंट्रोल+के चा शोध वेगळ्या टॅबमध्ये वेबपानासारखा निकाल देतो आणि त्यात वाट काढत बसावं लागतं. तो टाळलेला बरा.

न वाचता येणारा मराठी मजकूर

मेल किंवा पीडीएफ उघडली आणि इंग्रजी अक्षरं-चिन्हांचा निरर्थक सडा ऐकू आला, तर मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. डोळ्यांना तो मराठी दिसतो, आत मात्र रोमन अक्षरांचे कोड असतात. आवाज बदलून उपयोग नाही. स्कॅन केलेल्या शासकीय पत्रांचं वेगळंच, तिथे मजकूर नसतोच. अशा वेळी पाठवणाऱ्याला नेमकं काय हवं ते लिहून कळवा, नुसतं वाचता येत नाही म्हणून सोडू नका. एक मसुदा तयार ठेवा: "मी स्क्रीन रीडर वापरतो. कृपया हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मंगल किंवा कोकिळासारख्या फॉन्टमध्ये टाइप करून वर्ड फाइल म्हणून पाठवावा. सहीची स्कॅन प्रत हवी असल्यास ती सोबत जोडावी, पण वर्ड फाइलऐवजी नको." कार्यालय सरकारी असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 42 चा उल्लेख त्यात करा, इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुलभ स्वरूपात मिळावा यासाठी सरकारने पावलं उचलायची आहेत, हे त्यातच म्हटलं आहे. मसुदा थंडरबर्डमध्ये साठवायला तो लिहिलेल्या खिडकीत फाइल, सेव्ह ॲज, टेम्प्लेट करा. पुढच्या वेळी टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये जाऊन त्यावर एंटर केलं की मजकूर भरलेला नवा मेल उघडतो, फक्त पत्ता घालायचा राहतो.